दुकानातला डीप फ्रीझर : बसवताना, वापरताना आणि सांभाळताना



परिसर अभ्यासात अन्न टिकवण्याच्या पद्धती शिकवताना आपण वाळवणे, खारवणे, मुरवणे, उकळणे आणि थंड ठेवणे असे प्रकार सांगतो. वाळवण मुलांनी पाहिलेलं असतं. लोणच्याची बरणी घरात असते. दूध उकळताना तर रोजच दिसतं. पण 'थंड ठेवणे' आलं की आपण "फ्रीजमध्ये ठेवतात" एवढं सांगून पुढे सरकतो. फ्रीज नेमकं काय करतो, हा प्रश्न तसाच राहतो.

आज लहान गावातसुद्धा दूध डेअरी, किराणा दुकान, बेकरी, चिकन सेंटर अशा ठिकाणी मोठा फ्रीज किंवा डीप फ्रीझर असतोच. आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरचा तोच व्यवसाय असतो. कुणी बचत गटाचं कर्ज काढून मशीन घेतलेलं असतं. ते मशीन ऐन मे महिन्यात बंद पडलं तर मालही जातो आणि हप्ताही अंगावर येतो. आणि त्या मशीनमधला माल खाणारी कोण? तर आपलीच मुलं. म्हणून हा विषय पाठापुरता नाही, पोटाचा आणि आरोग्याचाही आहे.

चला तर मग, सुरुवातीपासून समजून घेऊ.

१. फ्रीज थंडी तयार करत नाही

मुलांना विचारा, "फ्रीजमध्ये थंडी कुठून येते?" बहुतेक मुलं म्हणतील, "मशीन थंडी सोडते." इथेच थांबायचं आणि एक छोटा प्रयोग करायचा.

प्रत्येकाच्या हाताच्या पाठीवर सॅनिटायझरचा एक थेंब चोळा आणि फुंकर मारायला सांगा. हात गार लागतो. सॅनिटायझरची बाटली काही फ्रीजमध्ये ठेवलेली नव्हती. मग गार का लागलं? कारण द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती त्याने आपल्या हातातून घेतली. माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणाने. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि आतल्या पाण्याची उष्णता निघून जाते.

म्हणजे वाक्य असं बनतं : थंडी आत जात नाही, उष्णता बाहेर येते. हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचे सगळे नियम याच वाक्यातून निघतात.

आता अडचण बघा. उष्णता स्वतःहून नेहमी गरमकडून गारकडे जाते, जसं पाणी उताराकडे जातं. फ्रीजमध्ये आपल्याला उलटं हवं असतं. आतल्या गार जागेतून उष्णता उचलायची आणि बाहेरच्या गरम हवेत टाकायची. विहिरीतलं पाणी वर शेतात आणायचं तर काय लागतं? मोटर लागते. इथेही तसंच. फ्रीजमधला कॉम्प्रेसर म्हणजे उष्णतेच्या विहिरीवरची मोटर. तो वीज घेतो आणि उष्णता उपसतो.

हे काम चार भाग मिळून करतात :

• आतलं कॉइल (इव्हॅपोरेटर) : इथे नळीतल्या द्रवाची वाफ होते आणि ती आतल्या मालाची उष्णता शोषून घेते.
• कॉम्प्रेसर : ही वाफ दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो ना? तशी दाबलेली वाफही खूप गरम होते.
• बाहेरचं कॉइल (कंडेन्सर) : मागची किंवा खालची जाळी. इथे गरम वाफ आपली उष्णता खोलीतल्या हवेला देते आणि पुन्हा द्रव होते. म्हणूनच फ्रीजची मागची बाजू गरम लागते. काही डीप फ्रीझरमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, म्हणून बाहेरचा पत्रा गरम लागतो. तो बिघाड नाही.
• बारीक नळी (कॅपिलरी) : हिच्यातून जाताना द्रवाचा दाब एकदम कमी होतो आणि तो पुन्हा आत वाफ व्हायला तयार होतो.

वर्गात चार मुलांना हे चार भाग करा. एक मूल 'गॅस' बनून फिरेल. आतल्या कॉइलपाशी त्याच्या हातात लाल कार्ड द्या, बाहेरच्या कॉइलपाशी ते काढून घ्या. लाल कार्ड म्हणजे उष्णता. तीन-चार फेऱ्या झाल्या की मुलांना चक्र पाठ होतं, घोकावं लागत नाही.

या खेळात आणखी एक गोष्ट लक्षात येते. 'गॅस' झालेलं मूल कुठेही संपत नाही, तेच तेच फिरत राहतं. दुकानदारांच्या तोंडी नेहमी येतं, "गॅस संपला, भरून घ्यावा लागेल." खरं तर गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळला. ती गळती न शोधता नुसता गॅस भरला तर काही दिवसांनी पुन्हा तोच खर्च. म्हणून मेकॅनिकला पहिला प्रश्न हा विचारा : "दादा, लीक कुठे सापडलं?"

२. कोणतं मशीन कशासाठी?

दुकानात साधारण दोन प्रकार दिसतात.

व्हिसी कूलर : काचेच्या दाराचं उभं कपाट. दूध, ताक, लस्सी, थंड पेयं यांच्यासाठी. यात माल गार राहतो, गोठत नाही. दूध-दह्यासारखा नाशवंत माल ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा.

डीप फ्रीझर : आडवी पेटी, झाकण वर उघडणारं. आइस्क्रीम, गोठवलेले वाटाणे, गोठवलेलं मांस-मासळी यांच्यासाठी. यात तापमान उणे १८ अंश किंवा त्याखाली हवं.

मुलांना इथे एक छान प्रश्न विचारता येतो : "डीप फ्रीझरचं झाकण वरच का?" थंड हवा जड असते. उभ्या कपाटाचं दार उघडलं की ती खालून सांडून जाते. पेटीचं झाकण वर असलं की थंड हवा पातेल्यातल्या पाण्यासारखी आतच बसून राहते. दिवसातून शंभर वेळा उघडायच्या मशीनसाठी हे फार उपयोगाचं.

आणि एक गैरसमज दूर करायला हवा. थंडीने जंतू मरत नाहीत. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते झपाट्याने वाढतात. ५ च्या खाली त्यांचा वेग मंदावतो. उणे १८ ला वाढ थांबते, पण बरेचसे जंतू नुसते झोपलेले असतात. पदार्थ वितळला की जागे होतात. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

३. मशीन बसवताना

नवीन मशीन टेम्पोतून उतरलं की घरात उत्साह असतो. लगेच नारळ फोडून बटण दाबायची घाई होते. थोडं थांबा.

अ) आधी उभं राहू द्या. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. प्रवासात मशीन कललं तर ते तेल नळ्यांमध्ये जातं. म्हणून जागेवर ठेवल्यावर काही तास तसंच राहू द्यावं. आडवं करून आणलं असेल तर पूर्ण एक दिवस. कंपनीच्या पुस्तिकेत वेळ दिलेली असते, ती पाळा.

आ) भिंतीला चिकटवू नका. आठवा आपलं वाक्य. उष्णता बाहेर टाकायची तर बाहेर जागा हवी. मागे आणि बाजूंना साधारण चार ते सहा इंच मोकळी जागा ठेवा. ज्या जाळीतून गरम हवा येते तिच्यासमोर पोती, खोकी रचू नका. मोटरचा पाइप शेताच्या बाजूला बुजवला तर मोटरवर ताण येणारच.

इ) ऊन आणि शेगडीपासून दूर. दुकानाच्या पुढच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली फ्रीझर ठेवायची आपल्याकडे सवय आहे, गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. पण दुपारी तिथे हवा किती तापते ते बघा. बऱ्याच मशीनच्या पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'टी' म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेलं. आपल्या विदर्भात पारा ४५ च्या पुढेही जातो. म्हणजे 'टी' वर्गाचं मशीनसुद्धा तिथे सावलीत आणि वारा खेळेल अशाच जागी हवं.

ई) सपाट जमीन. मशीन डुगडुगलं तर आवाज करतं, झाकण नीट बसत नाही आणि पाणी भलतीकडे साचतं. पाण्याची बाटली आडवी झाकणावर ठेवून बुडबुडा मधोमध येतो का ते मुलांनाच बघायला सांगा. हीच गवंड्याची 'लेव्हल'.

उ) वीज. याबाबतीत काटकसर नको.
• स्वतंत्र सॉकेट हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रीझर, मिक्सर आणि पंखा एकत्र लावू नये.
• अर्थिंग पक्कं हवं. तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जमिनीत तार गेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.
• गावाकडे व्होल्टेज खाली-वर होतं, म्हणून स्टॅबिलायझर लावा. वीज आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मशीन चालू करणारा असेल तर उत्तम. कारण कॉम्प्रेसर बंद झाल्यावर नळ्यांतला दाब समान व्हायला थोडा वेळ लागतो. तो होण्याआधी चालू केलं तर कॉम्प्रेसर अडतो आणि गरम होतो.

ऊ) आधी रिकामं चालवा. आत तापमान खाली गेलेलं थर्मामीटरवर दिसलं की मगच माल भरा, तोही थोडा थोडा.

४. रोज वापरताना

• थर्मामीटर ठेवा. बटणावरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक मशीनमध्ये आकडा मोठा तितकी थंडी जास्त, एवढाच त्याचा अर्थ. खरं तापमान कळायला आत साधा थर्मामीटर हवा. सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. हे काम घरातल्या चौथी-पाचवीच्या मुलाला द्या. ऋण संख्या पुढे शिकायच्याच आहेत, त्याची ओळख इथे होते. उणे २० हे उणे १५ पेक्षा जास्त थंड, हे फ्रीझरपाशी चटकन कळतं.
• गरम वस्तू आत नाही. दुकानातला डीप फ्रीझर मुख्यतः गोठलेला माल गोठलेला ठेवण्यासाठी असतो. गरम दुधाचं पातेलं आत ठेवलं की शेजारचं आइस्क्रीमही मऊ पडतं.
• माल भरायची रेघ पाळा. पेटीत आतून एक रेघ असते. तिच्यावर रचलेला माल पुरेसा थंड राहत नाही. उभ्या कपाटात हवा फिरायच्या जाळीसमोर बाटल्या दाटीने लावू नका.
• जुना माल वर, नवीन खाली. आधी आलेला आधी विकला जावा.
• कच्चं मांस-मासळी आणि आइस्क्रीम एकत्र नको. वेगळं मशीन परवडत नसेल तर मांस घट्ट बंद डब्यात, वेगळ्या कप्प्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्री फ्रीझर बंद करायची सवय. "रात्री कोण घेतंय आइस्क्रीम? वीज वाचते." असं म्हणून काही दुकानदार रात्री बटण बंद करतात. सकाळपर्यंत माल अर्धवट वितळतो, झोपलेले जंतू जागे होतात. सकाळी तो पुन्हा गोठतो. दिसायला सगळं ठीक, पण जंतूंची संख्या वाढलेली असते. शिवाय वीजही वाटते तितकी वाचत नाही. रात्रभर आत शिरलेली सगळी उष्णता सकाळी उपसावी लागते, तीही दिवसाच्या वाढत्या उन्हात.

पालकांनो, असं आइस्क्रीम ओळखता येतं. कप दबलेला किंवा एका बाजूला कललेला असतो, कांडीवरची कुल्फी वाकडी झालेली असते, वेष्टनाच्या आत बर्फाचे खडे साठलेले असतात आणि खाताना जिभेला बर्फाचे कण लागतात. असा माल मुलाला देऊ नका. दुकानदाराशी भांडायचीही गरज नाही. "दादा, हा वितळून पुन्हा गोठलेला दिसतोय, दुसरा द्या," एवढं शांतपणे म्हणा.

दुकानदारांसाठी एक सोपी युक्ती सांगते. वाटीत पाणी गोठवा. वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. बाहेरगावाहून परत आल्यावर नाणं वरच असेल तर माल गोठलेलाच राहिला होता. नाणं तळाशी गेलं असेल तर मधे वीज बराच वेळ गेली होती आणि सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. हा प्रयोग मुलांना फार आवडतो.

५. वीज गेली तर

पहिला नियम : झाकण उघडू नका. "बघूया किती वितळलं" म्हणून उघडलं की उष्णता आत शिरते. ढोबळ हिशेब असा सांगतात की पूर्ण भरलेला, बंद डीप फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास माल गोठलेला ठेवतो. साधा फ्रीज मात्र सुमारे ४ तासच. पण हे आकडे चांगल्या झाकणाच्या, चांगल्या मशीनचे आहेत. आपल्या उन्हाळ्यात आणि सैल रबराच्या मशीनमध्ये वेळ कमीच धरावा आणि थर्मामीटरवर विश्वास ठेवावा.

भरलेला फ्रीझर जास्त वेळ का टिकतो? कारण गोठलेला माल स्वतःच बर्फाच्या लादीचं काम करतो. म्हणून माल कमी असेल तर रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून गोठवून ठेवा. पूर्ण भरू नका, पाणी गोठताना फुगतं आणि बाटली फुटते. हेही विज्ञानच.

६. देखभाल : वेळ थोडा, फायदा मोठा

दर आठवड्याला : दाराचं रबर (गॅस्केट) कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. मग दहा रुपयांची नोट दारात धरून दार बंद करा आणि नोट ओढा. अडकून येत असेल तर रबर चांगलं. अलगद निसटली तर तिथून हवा आत जाते. चारही बाजूंना हे करून बघा.

दर महिन्याला : प्लग काढून बाहेरच्या कॉइलवरची धूळ मऊ ब्रशने काढा. किराणा दुकानात पिठाची धूळ, बेकरीत मैदा, रस्त्याकडेला माती. ही धूळ कॉइलवर गोधडीसारखी बसते. जिथून उष्णता बाहेर पडायची तिथेच गोधडी घातली तर मशीन दमणारच.

बर्फ अर्धा सेंटिमीटर जाड झाला की : तो काढा. भिंतीवर बर्फ जास्त म्हणजे थंडी जास्त, असं अनेकांना वाटतं. उलट आहे. बर्फाचा थर मालाची उष्णता कॉइलपर्यंत पोहोचू देत नाही. माल दुसरीकडे हलवा किंवा बर्फासोबत थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, प्लग काढा, झाकण उघडं टाका, पाणी जायचं बूच काढा. बर्फ आपोआप सुटतो. घाई असेल तर प्लास्टिकची खरवडणी वापरा. सुरी, पेचकस, उलथणं अजिबात नको. भिंतीच्या पत्र्यामागेच गॅसची नळी असते. एक टोचा आणि हजारोंचं नुकसान. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसा, कोरडं करा, थंड होऊ द्या आणि मग माल भरा.

या देखभालीचा हिशेब वर्गात गणित म्हणून घालता येतो :

समजा कॉम्प्रेसर २०० वॅटचा आहे. चांगल्या स्थितीत तो दिवसातून १२ तास चालतो. २०० × १२ = २४०० वॅट-तास, म्हणजे २.४ युनिट. महिन्याचे ७२ युनिट. धूळ बसल्यामुळे तोच १६ तास चालू लागला तर ३.२ युनिट रोज, म्हणजे महिन्याला ९६. फरक २४ युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर महिन्याला २४० रुपये नुसत्या धुळीचे! मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगा आणि खरा दर घालून पुन्हा करायला लावा.

७. मेकॅनिकला बोलावण्याआधी

• अजिबात चालू होत नाही : प्लग, एमसीबी, स्टॅबिलायझरवरचा आकडा बघा.
• चालू आहे, पण थंड होत नाही : कॉइलवर धूळ, जास्त माल, समोर अडथळा, ऊन, सैल रबर. हे सगळं ठीक असेल तर गळतीची शंका.
• एकाच कोपऱ्यात बर्फ जमतो : तिथलं रबर तपासा.
• खाली पाणी येतं : पाणी जायची वाट तुंबली असेल.
• सारखा 'टक' आवाज करून बंद पडतो : व्होल्टेज बघा. ते ठीक असेल तर मशीन बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा.
• हात लावला की झिणझिण्या येतात : पत्र्याला हात न लावता मेन स्विच बंद करा. दुरुस्ती होईपर्यंत चालू करू नका. पावसाळ्यात ओल्या पायांनी आलेल्या मुलासाठी हा जिवाचा प्रश्न आहे.

मशीनच्या पाटीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं. आर-६००ए किंवा आर-२९० असेल तर तो अनुक्रमे आयसोब्युटेन किंवा प्रोपेन. दोन्ही पेट घेणारे, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातले. मशीनमध्ये त्यांचं प्रमाण थोडं असतं आणि बंद नळीत ते सुरक्षित असतात. पण गळतीची शंका असेल तर दारं-खिडक्या उघडा, जवळ विडी-काडी नको, आणि दुरुस्ती या गॅसचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्या. मग असे गॅस वापरतात कशाला? जुन्या मशीनमधले सीएफसी वायू ओझोनच्या थराला भोक पाडत होते. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते जगभर हळूहळू बंद झाले. १६ सप्टेंबरला आपण शाळेत ओझोन दिन साजरा करतो तो याच कराराची आठवण म्हणून. त्या दिवशी मुलांना घरच्या फ्रीजवरची पाटी वाचून यायला सांगा. भाषण पाठ करण्यापेक्षा ते बरं.

८. मुलांच्या जिवाची गोष्ट

डीप फ्रीझरची पेटी मुलांना लपाछपीसाठी छान जागा वाटते. विशेषतः दुकानामागे टाकून दिलेली जुनी पेटी. झाकण जड, घट्ट रबर आणि दुकानाच्या पेटीला बऱ्याचदा कुलूप-कडीही. आतून हवा मिळत नाही आणि आवाज बाहेर येत नाही. अमेरिकेत अशा दुर्घटना इतक्या झाल्या की १९५६ मध्ये कायदा करून घरगुती फ्रीजचं दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे असा नियम केला गेला. आज घरच्या फ्रीजला चुंबकाचं दार असतं. पण वरून बंद होणाऱ्या जड झाकणाला आतून ढकलणं लहान मुलाला जमेलच असं नाही.

म्हणून तीन गोष्टी आजच करा :
१. बंद पडलेल्या फ्रीझरचं झाकण काढून टाका. निदान पेटी भिंतीकडे तोंड करून उभी तरी करा.
२. चालू फ्रीझर रात्री कुलूपबंद, आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी.
३. वर्गात स्पष्ट शब्दांत सांगा : फ्रीज, पेटी, कोठी यांत लपायचं नाही. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी हे पुन्हा सांगा.

९. आरोग्य केंद्रातला फ्रीज

शक्य असेल तर मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथे लसींसाठी खास फ्रीज असतो. त्याला आयएलआर म्हणतात. वर उघडणारा, आतून बर्फाचं अस्तर असलेला. दिवसातून साधारण आठ तास वीज मिळाली तरी तो आतलं तापमान २ ते ८ अंशांत राखतो. शेजारी डीप फ्रीझर असतो, उणे १५ ते उणे २५ अंशांचा. त्यात आइसपॅक गोठवतात. पल्स पोलिओच्या रविवारी शाळेत येणाऱ्या खोक्यात हेच आइसपॅक असतात.

इथे गंमत अशी की जास्त थंडीही चालत नाही. पोलिओचे थेंब उष्णतेने खराब होतात, तर हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलेंट, टीडी या लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून गोठायला नको त्या लसी वरच्या टोपलीत ठेवतात, कारण तळाशी थंडी जास्त असते. सिस्टर सकाळी आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, तापमान लिहितात. कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. उष्णता लागली की आतला चौकोन गडद होत जातो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती कुपी वापरत नाहीत.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यामागे डॉक्टर, सिस्टर, अंगणवाडी ताई, आशाताई आणि शिक्षक तर होतेच. पण गावोगावच्या या फ्रीजचं तापमान न चुकता लिहिणारा हातही होता. मुलांना ती वही जरूर दाखवा. नोंद ठेवणं हे काम किती मोठं असतं, ते तिथे कळतं.

१०. वर्गासाठी उपक्रम

१. जवळच्या दुकानातल्या फ्रीझरचं तापमान दुकानदाराच्या परवानगीने आठवडाभर नोंदवा आणि स्तंभालेख काढा.
२. दारात नोट धरून घरच्या फ्रीजचं रबर तपासा.
३. दुकानदार काका-मावशींची मुलाखत घ्या : "वीज गेल्यावर तुम्ही काय करता?"
४. विचार करा : पंख्याखाली उघड्या दाराचा फ्रीज ठेवला तर खोली थंड होईल का? (उत्तर : नाही. आतून जितकी उष्णता काढली तितकी मागून त्याच खोलीत पडते, वर कॉम्प्रेसरच्या विजेची उष्णता आणखी. खोली उलट गरम होईल.)

चौथा प्रश्न घरी मोठ्या माणसांनाही विचारायला सांगा. ज्याला 'थंडी आत जात नाही, उष्णता बाहेर येते' हे कळलं, तो बरोबर उत्तर देतो.

हा लेख तुमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर जरूर पाठवा. त्यातला आठवा मुद्दा मात्र नुसता पाठवू नका, पालक सभेत वाचून दाखवा.